तुमचं शेवटचं पान आम्ही छापलं नाही

आधी मन्मथअप्पांचं नाव घेते, कातिबसाहेब, मग तुमचं. बोरीच्या पेठेतले मन्मथअप्पा, मीठ-गूळ विकणारे, ज्यांची एकही कविता तुम्ही आपल्या ‘करपरा’ मासिकात कधी येऊ दिली नाही. त्यांनी तुमच्या उंबऱ्यावर बसून तुमच्या बायकोची, आमच्या चाचींची, समजूत घातली, म्हणून हा अंक निघतो आहे आणि म्हणून मला तुमच्याशी असं चारचौघांत बोलता येतं आहे. अप्पा मधे पडले नसते तर तुमचा छापायचा दगड एव्हाना हैद्राबादच्या गाडीत चढला असता. मग मी येलदरी धरणाच्या कँपात, पत्र्याच्या खोलीत, तुमच्याशी मनातल्या मनात भांडत बसले असते.

तुम्ही गेलात ते मला बाजारादिवशी कळलं. धरणाच्या कामावरचा ट्रक सामान आणायला बोरीवरून परभणीला जातो, त्यात बसून नेहमीसारखी आले. सबंध वाट मी तुम्हाला द्यायचं उत्तर जुळवत होते. त्याच्या मागच्या बाजारी तुम्ही पुन्हा मासिक बंद करण्याचं बोलला होतात आणि मी रागाने चहा तसाच टाकून उठले होते. तेव्हा आज काय काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची, ते ओठातल्या ओठात घोकत होते. ड्रायव्हरने विचारलंसुद्धा, बाई, जप करायलात का. उतरले तर अप्पांच्या दुकानाच्या फळ्या लावलेल्या. बाजाराच्या दिवशी बंद असलेलं किराणा दुकान मी त्याआधी पाहिलं नव्हतं. अप्पा बाहेर ओट्यावर नुसते बसले होते.

“कातिब गेले, बाई,” ते म्हणाले. “परवाच माती झाली.”

मी म्हटलं, पण मला त्यांना उत्तर द्यायचं होतं. हे मी चांगलं मोठ्याने बोलले, भाजीवाल्या बाया वळून बघायला लागल्या. अप्पा सरकले आणि ओट्यावर मला जागा केली.

ते उत्तर अजून माझ्यापाशीच आहे. ते दिल्याशिवाय मला तुमच्याविषयी चांगलं बोलता येणार नाही. आणि चांगलं तर पुष्कळ आहे.

आपली ओळखच भांडणाने झाली. यांना येलदरीला फिटरचं काम लागलं आणि मी मालवणकडच्या वाडीतून एकदम या काळ्या रानात आले, जिथे चिखलातून पाय उचलला तरी चप्पल मागेच राहते. शाळा चौथीत सुटलेली. माझं बोलणं इथल्या बायांना कळायचं नाही, त्यांचं मला. शेजारीण ‘काय करायलीस’ म्हणून साधं विचारायची आणि मी घाबरून ‘काही नाही, काही नाही’ म्हणायचे, जसं काही चोरीच पकडली. त्या दिवसांत एका बाजारी अप्पांच्या दुकानाच्या भिंतीवर ‘करपरा’चं पान चिकटवलेलं दिसलं. अंक आला की त्यातलं एक पान तिथे लागायचं, ज्याला अंक मिळाला नाही त्याच्यासाठी. त्यात समुद्रावर लिहिलं होतं. निळाशार, शांत, चांदण्यात गाणं म्हणणारा समुद्र. मी मीठ घ्यायला उभी होते. तोंडातून निघून गेलं, समुद्र असा नसतो.

अप्पांनी तराजू खाली ठेवला. ते लिहिणं तुमचं होतं, आणि तुमच्यात कुणीतरी खोट काढली याचा त्यांना केवढा आनंद झाला होता ते मला फार पुढे कळलं. गिऱ्हाईक तसंच उभं सोडून ते मला तुमच्या दारी घेऊन आले आणि म्हणाले, ही बाई समुद्राकडची हाय, आन् तुमचा समुद्र खोटा हाय म्हनती. तुम्ही मांडीवरची फळी बाजूला केली नाहीत, रागावलाही नाहीत. एक नवा पिवळा कागद घेतलात.

“आमचा समुद्र म्हंजी पूर्णा नदी,” तुम्ही म्हणालात. “ती बी उन्हाळ्यात आटतीय. खरा कसा ऱ्हातो, सांगा. मी लिहितो.”

मी सांगितलं. खारं वारं दाराच्या लाकडात शिरतं, दार फुगतं, मग खांदा लावल्याशिवाय बंद होत नाही. आई पापड घालायची ते कधी कडक वाळलेच नाहीत. समुद्र तिथे सारखा बोलत असतो म्हणून माणसाला तो ऐकूच येत नाही, आणि मला तो पहिल्यांदा ऐकू आला तो इथे आल्यावर, तो नव्हता तेव्हा. तुमची कलम चालत राहिली. मी थांबले तिथे थांबली. मग तुम्ही कागद माझ्यापुढे धरलात. माझंच बोलणं, पण इतक्या देखण्या अक्षरात की बघून वाटलं, मी सुद्धा कुणी नीटनेटकी बाई असावी. त्या दिवसापासून मी ‘कोकणवाली’ झाले. तुम्ही हाक मारायचात तशी. सासरच्या नावाने इथे मला कुणी ओळखत नाही.

ज्यांनी तुम्हाला पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी हे सांगायला हवं. लिहून आणलेला कागद तुम्ही कधी घेतला नाहीत. कागदामागं माणूस लपतंय, म्हणायचात. ज्याला ‘करपरा’त यायचं त्याने समोर बसायचं आणि बोलायचं, तुम्ही खळ लावलेल्या पिवळ्या कागदावर तुमच्या चरबट शाईने लिहीत जाणार. तो कागद ओला करून दगडावर दाबला की अक्षरं दगडावर उलटी उतरायची, आणि दगडावरून साध्या कागदावर छापली की परत सुलटी व्हायची. म्हणजे शिशाचे खिळे नाहीत, ते जुळवणारा जुळारी नाही. छापलं जायचं ते तुमच्या हातचंच, आणि जेवढं त्या हाताला पटेल तेवढंच. नाही पटलं तर तुम्ही एक शब्द बोलत नव्हतात. कलम दौतीवर आडवी ठेवायचात आणि आत चाचींना चहा सांगायचात. तो चहा म्हणजे निकाल.

आम्ही सगळे त्या कलमेकडे डोळे लावून बसायचो. सोपान धनगर राणीसावरगावकडून मेंढरं घेऊन यायचा, इकडच्या रानांत खतासाठी बसवायचा आणि तुमच्याकडे लांडग्यांच्या गोष्टी सांगायचा. तो म्हणायचा, लांडग्याचं एवढं भ्या न्हाई वाटत जेवढं त्या कलमेचं वाटतंय. त्याची निम्मी गोष्ट पसंत पडायची आणि निम्म्यावर चहा यायचा. अप्पांच्या कवितेला तर कलम उचललीच जात नव्हती. अप्पा डोळे मिटून शिवाच्या भक्तीचं एकेक कडवं म्हणत जायचे, कैलास, गंगा, चंद्रकोर, आणि कलम आडवीची आडवी. डोळे उघडायचे तेव्हा पुढ्यात कपबशी. ते मुकाट्याने चहा प्यायचे आणि पुढच्या बाजारी नवी कविता घेऊन हजर. अंक ठेवायला दुकान अप्पांचं, पान चिकटवायला भिंत अप्पांची, नापास व्हायला मात्र तुमचं घर. मला ते बघवायचं नाही. एकदा मी तुम्हाला म्हटलं, एखादी तरी घ्या, त्यांचं मन राहील. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

कँपातल्या बाया मला विचारायच्या, मुसलमान माणूस आणि मराठी मासिक, हे कसं गं. मी त्यांना सांगायचे ते आज इथे सांगते. तुमचं बोलणं जन्मापासून इथलं मराठी; लिहिणं उर्दू. जुन्या राजवटीत कचेरीच्या नोटिसा, लग्नाच्या आमंत्रणाचे रुक्के, सगळं तुमच्या हातचं आणि तुमच्या दगडावरचं. हैद्राबादचं राज्य गेलं तसं उर्दू कातिबाला, सुबक अक्षरात लिहून देणाऱ्याला, कुणी विचारेना. तुमचे भाऊबंद गाव सोडून गेले. तुम्ही राहिलात, आणि दाढी पिकायला लागलेली असताना शाळेतल्या पोरांची पाटी मागून बाराखडी गिरवायला बसलात. पेठेत कुणीतरी टोमणा मारला, कातिबाला काम ऱ्हायलं न्हाई म्हणून मासिक काढायलाय. तुम्ही म्हणालात, काम न्हाई म्हणूनच तर काम काढलं. हे मी तुमच्या तोंडून नाही ऐकलं. अप्पांनी सांगितलं, आणि इतक्या ऐटीत सांगितलं जसं काही ते वाक्य त्यांचंच होतं.

आणि असा माणूस बंद करायला निघाला. इथेच माझं तुमच्याशी जुळत नाही.

हात कापायला लागला होता, मला दिसत होतं. ओळ सरळ राहावी म्हणून तुम्ही डाव्या हाताने उजवं मनगट धरायचात. “हात दगा द्यायलाय,” एका बाजारी तुम्ही म्हणालात. मग तुम्ही कारणं सांगायला लागलात. आता आपण मुंबई राज्यात गेलोत, उद्या मराठीचं वेगळं राज्य होईल, पुण्या-मुंबईची मासिकं पोस्टाने यायलीत, खिळ्यांवर छापलेली, सुबक. तुमी तिकडं लिहा. माझ्या दगडाआड किती दिवस बसणार. पुढच्या बाजारी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या बाजारी पुन्हा. मी म्हटलं, चौथी शिकलेल्या बाईचं पुण्यात कोण वाचणार. तुम्ही म्हणालात, पाठवून तर बघा. सोपान म्हणाला, मी कुणापुढं बसून सांगू, पोस्टाच्या डब्यापुढं का. सगळे हसले, तुम्हीही. मग मी म्हटलं की दुसऱ्या कुणीतरी लिहू दे ना, हाताचंच अडलं असेल तर. तेव्हा मात्र तुम्ही हसायचं थांबलात.

“दुसऱ्या हाताचं ‘करपरा’ ‘करपरा’ ऱ्हात न्हाई,” तुम्ही म्हणालात. “माझा हात थांबला की ते थांबलं.”

आणि शेवटच्या बाजारी तुम्ही आम्हाला ते पान दाखवलंत. वाचकांना नमस्कार, हा ‘करपरा’चा अखेरचा अंक, लोभ होता तो असू द्यावा. तुमच्या हातचं, सही तुमची. दगडावर उतरवून झालं होतं, छापायचं तेवढं बाकी. मी विचारलं, तुमच्या एकट्याचं आहे का ते? आणि चहा तसाच टाकून मी उठले.

तर आता ऐका. अक्षर तुमचं होतं, कातिबसाहेब. बोलणं आमचं होतं. समुद्र माझा, लांडगे सोपानचे. तुम्ही आम्हाला समोर बसवून बोलायला लावलंत, आमच्या तोंडची भीड घालवलीत, आणि मग म्हणालात आता गप्प बसा, माझा हात थकला. असं नाही चालत. देखणं नसेल तर नसेल. इथे मी पुण्याकरता बोलायला शिकले नाही. गेलेल्या माणसाचा शब्द मोडू नये म्हणतात. मी मोडते आहे, आणि तो मोडताना मला तुमची भीती वाटते आहे, आणि तरी मोडते आहे. हे माझं उत्तर. ट्रकमध्ये याहून चांगलं जुळलं होतं.

पण माझ्या उत्तराने दगड राहिला नसता. चाचींचे भाऊ हैद्राबादहून आले होते आणि तिथल्या एका छापखान्याला दगड द्यायचं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. त्यात त्यांचंही काही चुकलं नाही. बहीण एकटी पडली, निदान एवढं तरी मार्गी लावावं. चाची इद्दतीत, नवऱ्यामागे बाईने पाळायच्या एकांतात, आतल्या खोलीत पडद्यामागे. बाई म्हणून मलाच आत जाता येत होतं. मी त्यांचा हात धरून म्हटलं, चाची, दगड नका देऊ, आम्ही अंक काढतो.

“उनो बंद बोलके गए,” त्या म्हणाल्या. “अब मैं चालू कैसा बोलूं?”

मी बाहेर आले. सोपान खाली मान घालून काठीने भुई उकरत होता. चाचींचे भाऊ गाडीवानाशी बोलायला गेलेले. तेव्हा अप्पा उठले, तुमच्या उंबऱ्यावर जाऊन बसले, आत पाठ करून, आणि रस्त्याकडे तोंड करून पडद्याशी बोलायला लागले.

“भाभी, त्यांचं ‘न्हाई’ मला जेवढं ठावं हाय तेवढं कुणालाच न्हाई. लय ऐकलंय. त्यांना खरंच न्हाई म्हणायचं असलं की ते बोलतच नव्हते. कलम आडवी आन् चहा. मला एकदा बी कारण सांगितलं न्हाई, एकदा बी. आन् हे बंद करायचं? बाजारामागून बाजार समजावत बसले. हात असा, राज्य असं, पुणं असं. ज्याला न्हाईच म्हणायचं हाय तो एवढी कारणं कशाला सांगतोय? कुणीतरी खोडून काढावं म्हणून सांगत होते ते. आमी खोडून काढायच्या आधीच गेले.”

मग चाचींचा आवाज आला, की पूना-बंबईचं मलाही रोज सांगायचे, रोटी खातानासुद्धा. मग, पाहुण्याला विचारावं तसं त्यांनी आतून विचारलं, चाय पियेंगे?

अप्पांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. घाईघाईने म्हणाले, “चहा नको, भाभी. चहा तेवढा नको.”

पडद्यामागून जो आवाज आला तो रडण्याचा की हसण्याचा हे मला सांगता येणार नाही. नंतर त्यांनी भावाला आत बोलावलं. दगड जागेवरच राहिला.

पण त्या दगडावर तुमचं पान होतं. नवं काही उतरवायचं तर आधीचं घासून काढावं लागतं, दुसरा इलाज नाही. दोन दगड एकावर एक ठेवायचे, मधे वाळू आणि पाणी, आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून फिरवत राहायचं. तुम्ही हे दर अंकाला करायचात, गाणं गुणगुणत. आम्ही करायला बसलो तेव्हा कुणी गुणगुणलं नाही. सोपानने नदीची वाळू आणली होती, चाळून. दगडावर तुमची अक्षरं उलटी आणि काळीभोर होती. कापणाऱ्या हाताची असून एकही ओळ ढळलेली नव्हती, फक्त सहीची शेवटची रेघ जरा लांबली होती. सोपान म्हणाला, एक प्रत काढून ठिवू का, आठवण म्हणून. सगळ्यांना तेच हवं होतं, मलाही. मी नाही म्हटलं. एक प्रत निघाली की ते पान निघालं. मग कधी ना कधी कुणीतरी ती दाखवून म्हणणार, बघा, त्यांनीच बंद केलं होतं.

अप्पा आणि सोपान फिरवायला लागले, मी पाणी घालत होते. राखाडी पाणी वाहायला लागलं. सहीपाशी आल्यावर अप्पांचे हात थांबले. म्हणाले, बाई, हे मला व्हायचं न्हाई. मी तांब्या खाली ठेवला, त्यांच्या जागेवर बसले आणि दगड धरला. फार जड असतो हो तो. रडू आलं, वाळूत पडलं, त्याच्यासकट फिरवलं. तुमचं नाव गेलं तेव्हा दगड असा कोरा आणि गुळगुळीत दिसत होता की हात फिरवावासा वाटला. मी फिरवला.

मग लिहायचं. ते माझ्या अंगावर आलं, कारण अप्पांचा हात फक्त उधारी लिहायला सरावलेला आणि सोपानला अक्षरओळख नाही. चाचींनी तुमचे उरलेले पिवळे कागद दिले. पहिल्या दोनांवर मी शाईचे डाग पाडले. खळ कशी लावायची ते तुम्ही कुणाला सांगितलं नव्हतंत, कागद थोडे, माझा जीव वरखाली. म्हणून मी शहाणपणा केला: कागद वाचवू म्हणून पहिलं पान थेट दगडावरच लिहिलं. मन लावून, वरती ‘करपरा’, खाली हा अंक निघत असल्याची चार वाक्यं. सोपान मागून म्हणाला, बाई, तुमचं अक्षर म्हंजी चिखलातून शेरडं गेल्यावानी हाय. मी म्हटलं, असू दे, शेरडं पोचतात ना. मग शाईचा रूळ फिरवला, कागद ठेवला, दाबला, उचलला. सगळं पान उलटं.

तुम्ही कसे हसला असतात ते मला माहीत आहे. मघाशी तुमचं उलटं पान डोळ्यांनी बघून, हातांनी घासून मी बसले होते, आणि तरी सुलटं लिहिलं. मी ते पान चुरगळायला निघाले तर अप्पांनी हिसकावून घेतलं. म्हणाले, लागू द्या भिंतीला. बंद पडलं म्हणणाऱ्यांना दिसू द्या. आणि नेऊन खरोखर लावलं. त्या रात्री मी चाचींजवळच राहिले, आणि दुसऱ्या दिवशी पेठेत माणसं जमली. शेजारच्या न्हाव्याने हातातला आरसा आणला, एकाने तो भिंतीसमोर धरला आणि दुसऱ्याने त्यात बघून मोठ्याने वाचलं. पाटलाच्या घरचा कुणीतरी म्हणाला, कातिब असते तर असं झालं असतं का. अप्पा आतून गूळ फोडता फोडता म्हणाले, कातिब असते तर आरसा लागला नसता, येवढंच. मी हे आत जाऊन चाचींना सांगितलं तेव्हा त्या तोंडाला पदर लावून हसल्या, पुरतं हसल्या. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.

ते पान आता पिवळ्या कागदावरून नीट काढलं आहे. हे लिहिणंही तसंच. अक्षर वाचणाऱ्यांना त्रास देणार, मला माहीत आहे. सुधारेल. नाही सुधारलं तरी अंक निघेल. यांचं काम आज ना उद्या दुसऱ्या धरणावर जाईल, मग मलाही जावं लागेल, ती धास्ती आहेच. पण माझा हात थांबला की हे थांबलं असं मी म्हणणार नाही. जाण्याआधी आणखी कुणाच्या तरी हातात कलम देईन, आणि त्याचं अक्षर माझ्याहून वाईट असलं तरी देईन.

एक गोष्ट तुम्हाला कधी म्हटली नाही, कारण भांडणातच वेळ जायचा. या परक्या मुलखात मला पहिल्यांदा ‘सांगा’ असं कुणी म्हटलं ते तुम्ही. बाकी सगळे ‘करा’ म्हणतात, ‘आणा’ म्हणतात, ‘गप बसा’ म्हणतात. त्या एका शब्दावर मी इतकी वर्षं इथे तगले. तोच शब्द तुम्ही मागे घ्यायला निघालात म्हणून एवढी चिडले. आता कळलं असेल.

अप्पांना मी म्हटलं होतं, या अंकात तुमची कविता घेऊ, आवडेल ती, अख्खं पान. ते दुखावल्यासारखे झाले. त्यांनी घेतली न्हाई ती तुमी उपकारात घ्यायली का, म्हणाले. मग गेल्या बाजारी आपणहून आले, नवी कविता घेऊन, माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि डोळे मिटले. कैलास, गंगा, चंद्रकोर. मी कलम हातात धरूनच ऐकलं. चांगली नव्हती, कातिबसाहेब. तुमचंच बरोबर होतं. पण मी चहा सांगितला नाही. डोळे उघडल्यावर मी त्यांना म्हटलं, अप्पा, तुम्ही कैलास बघितला नाही. तुम्ही पहाटे दुकान उघडता, गल्ल्यापुढच्या लिंगाला बेल वाहता, तेव्हा हाताला गुळाचा वास असतो. तो यात कुठे आला नाही. मला भीती वाटत होती, वयाने केवढे मोठे. ते माझ्या हातातल्या कलमेकडे बघायला लागले. मग म्हणाले, “कारण सांगितलंत, बाई.” आणि उठून, गुळाचा वास, गुळाचा वास, असं पुटपुटत पेठेकडे गेले. इतके खूष मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

त्यांचे उपकार मी फेडीन. दया म्हणून कविता छापून नव्हे, तसं केलं तर ते भिंतीवरचं पान स्वतः खरवडून काढतील. दर बाजारी ते म्हणतील आणि मी शेवटच्या कडव्यापर्यंत ऐकीन, आणि कुठे अडलं ते त्यांच्या तोंडावर सांगीन, तुम्ही कधी सांगितलं नाहीत तसं. एक दिवस मला सांगायला काही उरणार नाही. त्या दिवशी अख्खं पान अप्पांचं.